एका दिवसाची सहल

सहलीस निघताना काय पाहावे याबरोबरच केव्हा परतावे, हेही ठरवावे. स्कॉटलंडाहून १८४५ साली नागपुरास आलेले रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी ते टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहावयास गेले. सायंकाळी घोड्यावरून परतताना पुराने फुगलेल्या नाल्यात बुडून त्यांचा अंत झाला.

आपल्या कन्हान नदीवर आज पूल आहे. परंतु रानवाटेवरील नाले अद्यापही तसेच फुगतात. दगडाचे वय ग्रंथ सांगतात. पाण्याचा उतार मात्र गावकरीच सांगू शकतो. यास्तव माहितगार वाटाड्या सोबत घ्यावा, त्याचे ऐकावे आणि पावसाळ्यात दिवस मावळण्यापूर्वी घर गाठावे.