मनूच्या प्रस्तावाविषयी

चि. मनूस,


तुझ्या पीएचडीच्या प्रस्तावाचा मसुदा वाचला. भाषा स्वच्छ आहे, संदर्भ भरपूर आहेत. पण पहिल्याच वाक्यात तू लिहिलंस की एमएपीके14 हा जनुक म्हणजे दाहाचा मुख्य खटका, आणि तो बंद केला की दाह थांबतो. अगं, 1995 साली कुणी हे लिहिलं असतं तर शोभलं असतं. आज लिहिलंस तर समितीतला पहिला प्रश्न तिथेच येईल आणि पुढचा अर्धा तास तू बचावात घालवशील. म्हणून हे लांबण लावते आहे.

सुरुवातीचा उत्साह खोटा नव्हता, हे आधी समजून घे. 1994 साली कॅलिफोर्नियात ला होया इथल्या स्क्रिप्स संस्थेतल्या जियाहुआय हान आणि सहकाऱ्यांनी मांडलं की जिवाणूंच्या भिंतीतलं एलपीएस पेशींवर घातलं की साधारण 38 किलोडाल्टनच्या एका प्रथिनाच्या टायरोसिनवर झटकन फॉस्फेट चढतो. त्याचं नाव पी38; तुझा एमएपीके14 हा त्याचाच जनुक. त्याच वर्षी स्मिथक्लाइन बीचम कंपनीतले जॉन ली आणि मंडळी भलत्याच वाटेने तिथे पोचली. त्यांच्याकडे मोनोसाइट पेशींमधलं टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-1 कमी करणारी संयुगं होती, पण ती कशावर बसतात ते कळत नव्हतं. किरणोत्सारी खूण लावलेलं संयुग वापरून त्यांनी त्याला चिकटणारं प्रथिन पकडलं, तर ते हेच निघालं! औषध आधी, लक्ष्य नंतर. यीस्टला खारट द्रावणात तगवून धरणारं हॉग1 हे त्याचंच जुनं भावंड. म्हणजे दाहाबिहाच्या कितीतरी आधीपासून हे कायनेज पेशीवरचा ताण सांभाळत आलं आहे. ही गोष्ट प्रस्तावात कुठेतरी यायला हवी, तू ती पार गाळली आहेस.

यंत्रणा तुला पाठ आहे, तरी एकदा सांगते. एमकेके3 आणि एमकेके6 पी38च्या 180व्या थ्रिओनिनवर आणि 182व्या टायरोसिनवर फॉस्फेट चढवतात. जागं झालेलं पी38 एमके2 या पुढच्या कायनेजला उठवतं. टीटीपी नावाचं प्रथिन एरवी टीएनएफच्या एमआरएनएच्या शेपटाकडच्या भागाला धरून त्याची विल्हेवाट लावत असतं. एमके2ने त्यावर फॉस्फेट चढवला की ते काम थंडावतं आणि टीएनएफ भराभर तयार होतं. इथपर्यंत तुझं वाक्य बरोबर आहे.

पण पी38ची दुसरी वाट केंद्रकात जाते. तिथे ते एमएसके1 आणि एमएसके2 यांच्यामार्फत इंटरल्यूकिन-10 आणि डीयूएसपी1 यांचे जनुक चालू करतं. इंटरल्यूकिन-10 दाह शमवतं. डीयूएसपी1 तर खुद्द पी38वरचेच फॉस्फेट उतरवतं. शिवाय डंडीमध्ये फिलिप कोहेन यांच्या गटाने 2003 साली दाखवलं की पी38 टॅब1 या प्रथिनावर फॉस्फेट चढवून वरच्या टॅक1 कायनेजला आवर घालतं. पी38 अडवलं की टॅक1 मोकाट सुटतं, आणि जेएनके व एनएफ-कॅपा-बी यांच्या वाटा अधिकच पेटतात. बांधकामावरचा मुकादम सकाळी काम सुरू करायला सांगतो आणि संध्याकाळी बंद करायलाही तोच सांगतो. त्याला कोंडून ठेवलं तर काम उशिरा सुरू होईल, पण थांबवायला कुणी नसेल.

आता दवाखान्यात काय झालं ते पाहा. क्रोन्स रोगात बीआयआरबी 796 हे पी38 अडवणारं औषध देऊन पाहिलं, त्याचा अहवाल 2006 मध्ये आला. पहिल्या आठवड्यात रुग्णांचा सीआरपी, म्हणजे रक्तातली दाहाची खूण, खाली आला, पण तो परिणाम टिकला नाही आणि रोगावर फरक पडला नाही. आमवाती संधिवातात व्हीएक्स-702 आणि पामापिमोड यांचीही गत फारशी निराळी नव्हती. हृदयविकाराचा झटका आलेल्या 3503 जणांवर लॉस्मापिमोडची चाचणी झाली, 2016 मध्ये निकाल आला: फायदा नाही. मग काहींनी शहाणपणाने विचार केला की पी38ला सोडा, फक्त एमके2ची फांदी तोडा. त्यासाठीचं झुनसेमेटिनिब 2023 मध्ये संधिवाताच्या चाचणीत पडलं. तेव्हा माझी वरची मुकादमाची गोष्टसुद्धा पुरेशी नाही, हे ध्यानात ठेव. पी38च्या काही औषधांनी यकृताची एन्झाइम्स वाढतात म्हणून त्यांचा डोस चढवता आला नाही, हेही अपयशाचं एक कारण होतंच. प्रस्तावात फीडबॅकवर सगळं खापर फोडू नकोस.

शोधनिबंधांचे सारांश वाचून तुझी पिढी पुढे जाते, याचा मला राग आहे. या चाचण्यांमधले सीआरपीचे आलेख काढून बघ. औषध चालू असतानाच ती रेघ परत वर चढते. पी38वरच्या दहा परीक्षण-लेखांतून कळत नाही ते त्या रेघेतून कळतं.

आता तुझ्या टेबलावरचं बोलू. तू एसबी203580 घालून फॉस्फो-पी38चा ब्लॉट करणार म्हणतेस. पट्टा कमी होईल अशी अपेक्षा असेल तर निराश होशील. हे औषध पी38चं काम अडवतं. त्याच्यावर फॉस्फेट चढवणं हे वरच्या कायनेजांचं काम, ते चालूच राहतं. उलट पट्टा बऱ्याचदा गडद दिसतो, कारण टॅक1वरचा आवर सुटलेला असतो. मुलं अशा वेळी औषध खराब निघालं म्हणून नवी कुपी मागवतात. तू एमके2च्या 334व्या थ्रिओनिनवरचा फॉस्फेट बघ, नाहीतर एचएसपी27चा. तो गेला असेल तर औषध चाललं. आणि वरचा गडद पट्टा फेकू नकोस, तोच तुझ्या प्रबंधाचा विषय होऊ शकतो.

एसबी203580 तितकं पतिव्रता नाही. ते केसिन कायनेज1 आणि आरआयपीके2 यांनाही गाठतं, आणि आरआयपीके2 स्वतःच दाहाच्या कामातलं. म्हणून वेगळ्या घडणीचं दुसरं औषध, समजा बीआयआरबी 796, शेजारच्या विहिरीत हवंच. 106व्या थ्रिओनिनच्या जागी मेथिओनिन बसवलेलं पी38 एसबीला दाद देत नाही. ते पेशींत घालून परिणाम परत आला, तर समितीचं तोंड बंद.

वेळेचंही तसंच. पंधरा मिनिटं, अर्धा तास, तास, आणि मंडळी घरी जातात. तू चार, आठ आणि चोवीस तासांचेही नमुने घे. दाहाला लागणारा ब्रेक तिथेच दिसेल.

पेशी कोणत्या, हे शीर्षकातच लिही. उंदरांच्या मायलॉइड पेशींतून हा जनुक काढला तर आतड्याचा दाह कमी झाला, आतड्याच्या अस्तरातून काढला तर वाढला. हे 2010 साली प्रसिद्ध झालं आहे. सगळ्याच पेशींतून काढला तर गर्भच जगत नाही, वार नीट बनत नाही. तेव्हा 'एमएपीके14 रोखणे' असं मोघम लिहिलंस की कुठे आणि केव्हा, हे विचारलं जाणारच.

इंटरल्यूकिन-10चं एलायझा किट महाग आहे म्हणून तुझे गाइड नको म्हणतील. त्यांना सांग, टीएनएफसाठी पेशींवरून काढलेल्या त्याच द्रवातून ते मोजता येतं, वेगळा प्रयोग नको. द्रव लहान लहान नळ्यांत वाटून उणे 80ला ठेव, वारंवार वितळवू नकोस. किट दोन महिन्यांनी आलं तरी चालेल. तोवर सुधारलेला मसुदा मला पाठव, गाइडना दाखवण्याआधी.

तुझी,
मावशी