पिशवीतली शू

लेकीच्या लघवीच्या जंतू-तपासणीच्या, म्हणजे कल्चरच्या, रिपोर्टवर ‘मिक्स्ड ग्रोथ’ (एकाहून अधिक प्रकारचे जंतू) आलं, त्याला मी जबाबदार नव्हते. हे आधीच लिहून टाकते, कारण त्या दिवशी वॉर्डात मला ते बोलूच दिलं नाही. ‘आई, तुम्ही नीट स्वच्छता केली नसणार,’ असं राउंडला आलेला पोरसवदा डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे वळला.

कॅज्युअल्टीत तिला धुतलं सिस्टरनी, ओल्या कापसानं, घाईघाईत. चिकट पिशवी लावली त्यांनीच. शू होईपर्यंत बराच वेळ गेला आणि तोवर पिशवीच्या कडेला शी लागली होती. मी दाखवली. ‘चालतं हो, लहान बाळांचं असंच असतं.’ मग तीच पिशवी कल्चरच्या डबीत रिकामी केली. डबी काउंटरवर पडून राहिली, वॉर्डबॉय जेवून येईपर्यंत. शीमध्ये ई. कोलाय असतातच, लघवीच्या संसर्गातही बहुतेकदा तेच सापडतात. आणि उघड्यावरच्या उकाड्यात ते भराभर वाढतात. नमुना तास-दोन तासांत लॅबमध्ये जायला हवा, नाहीतर फ्रीजमध्ये. हे मला कळतं, तर त्यांना कळत नव्हतं?

खरा उलगडा झाला तो दुसऱ्या बालरोगतज्ज्ञांकडे. बाईंनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘नमुना घेतला कसा? पिशवीतून की नळीनं?’ एवढ्या जाड फाइलीत त्याचा उल्लेखच नव्हता. फॉर्मवर नुसतं ‘युरीन’. शेवटी बिल काढलं. त्यात मात्र ‘पीडियाट्रिक युरीन बॅग’ व्यवस्थित लावलेली होती, किमतीसकट! मी तिथेच रडले, रागानं. त्या रिपोर्टच्या जोरावर पोरीला शिरेतून अँटिबायोटिक दिलं, सोनोग्राफी केली, एमसीयूचीही (नळीनं औषध सोडून काढायचा मूत्राशयाचा एक्स-रे) भाषा सुरू झाली होती.

बाईंनी समजावलं ते असं. पिशवीतल्या लघवीची साधी तपासणी स्वच्छ आली, तर संसर्ग नसावा एवढं म्हणायला ती चालते. संशय आला तर मात्र कल्चरसाठी नमुना नळीनं किंवा ओटीपोटातून सुईनं घ्यायचा. दोन महिने ते दोन वर्षांच्या तापाच्या बाळांसाठी अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०११ सालीच हे स्पष्ट लिहिलं आहे. पिशवीतलं कल्चर ‘पॉझिटिव्ह’ आलं, तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

म्हणून सांगते, अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी विचारा: कल्चरचा नमुना कसा घेणार? डोस गेल्यावर पुन्हा घेतलेल्या नमुन्यात जंतू उगवतीलच याची खात्री नाही. आम्ही तिथेच अडकलो. पद्धत आणि वेळ फॉर्मवर लिहून घ्या. लिहायला कां-कूं केली तर समोर उभं राहून लिहून घ्या. नळी म्हटलं की पोटात गोळा येतो, पण ते काम मिनिटभराचं असतं. मूल निपचित असेल, अगदी तान्हं असेल, तर डॉक्टर थांबणार नाहीत आणि त्यांनी थांबूही नये. तिथे हट्ट नको.

मूल बरं असेल आणि थोडा वेळ असेल, तर नळीशिवायही नमुना धारेतून थेट डबीत धरता येतो. पाजल्यावर थोड्या वेळानं, साबण-पाण्यानं धुऊन, तेल-पावडर काढून. डेटॉल नको. एकानं बाळाला काखांखाली धरायचं, दुसऱ्यानं डबी धरायची, पहिले थेंब सोडून द्यायचे. झाकण पालथं ठेवू नका, आत बोट लावू नका. मुलगा असेल तर कातडी जोर लावून मागे ओढू नका. डायपर किंवा कापूस पिळून तर मुळीच नको.

माझ्या सासूबाई त्या रात्री म्हणाल्या होत्या, ‘पायावर धरते, पोटाखाली गार पाण्याचा हात फिरवते, करेल ती.’ त्यांना ‘आजी, बाहेर बसा’ म्हणून घालवलं. मेलबर्नच्या डॉक्टरांनी हेच करून पाहिलं आहे: एक ते बारा महिन्यांच्या बाळांच्या ओटीपोटावर गार, ओलं गॉज फिरवायचं. पाच मिनिटांत शंभरातल्या ३१ बाळांनी शू केली. नुसती वाट पाहिली त्यांच्यात १२. २०१७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आलं. दोन तृतीयांश बाळं तरीही करत नाहीत, हे खरं. पण पाच मिनिटं देऊन बघायला काय जात होतं?

बाकी नेहमीचंच: शांत राहा, फाइल जपा, सोबत कुणीतरी असू द्या. मी तक्रारीचं पत्र दिलं, बिलाची झेरॉक्स जोडून. उत्तर आलं, ‘नमुना प्रचलित पद्धतीनुसार घेण्यात आला.’ कोणत्या, ते त्यातही लिहिलेलं नाही.