स्क्रीनवरचे ओरखडे: खरा शत्रू धूळ

प्रश्न: फोन किल्ल्यांपासून जपूनही स्क्रीनवर बारीक ओरखडे येतात. काच तर मजबूत असते ना?

उत्तर: ओरखडा पाडायला काचेपेक्षा कठीण पदार्थ लागतो. मोह्सच्या कठिणतेच्या मापावर फोनची काच साधारण ६ वर येते. बहुतेक किल्ल्या आणि नाणी तिच्याहून मऊ असतात. वाळूतलं क्वार्ट्झ मात्र ७ वर आहे आणि धुळीत त्याचे कण हमखास असतात. म्हणून खिशातली, पर्समधली धूळच खरी अपराधी. मग काच मजबूत कशी? रासायनिक प्रक्रियेत तिच्या पृष्ठभागातल्या सोडियमची जागा मोठे पोटॅशियम आयन घेतात, त्यांच्या दाटीनं निर्माण होणाऱ्या दाबामुळे ती सहज फुटत नाही. पण फुटण्याला विरोध म्हणजे ओरखड्याला अभय नव्हे.

सततच्या पुसण्यानं स्क्रीन स्वच्छ राहते, हेही अर्धसत्य आहे. कोरडी स्क्रीन शर्टाच्या टोकानं घासली, तर तेच कण काचेवर रगडले जातात. आधी धूळ हलकेच झटका, मग किंचित ओलसर, स्वच्छ मायक्रोफायबर कापडानं पुसा. फोनचा खिसा वेगळा ठेवा, तो अधूनमधून उलटा करून झाडा. स्क्रीनवर वरून लावायच्या टेम्पर्ड ग्लासवरही ओरखडे पडतात, हा आक्षेप रास्त आहे. तरीही ती जरूर लावा, कारण ती स्वस्तात बदलता येते, मूळ स्क्रीन नाही.