तबकडीवरील ओरखडे व त्यांचे निवारण

केंपेगौडाने १५३७ साली वसविलेल्या बंगळूरच्या जुन्या पेठेतील चिकपेट, म्हणजे ‘धाकटी पेठ’, ही रेशमी साड्यांसाठी विख्यात आहे. तिच्या परिसरातील रविवारचा बाजार मात्र जुन्यापुराण्या वस्तूंसाठी ओळखला जातो. अशा बाजारात एकाच चादरीवर तीन वस्तू शेजारी-शेजारी आढळू शकतात : ७८ फेऱ्यांची ग्रामोफोन तबकडी, कॉम्पॅक्ट डिस्क आणि काच धूसर झालेले एच. एम. टी. चे ‘जनता’ घड्याळ. तिन्हींवर ओरखडे असतात आणि एकच उपाय तिन्हींना लागू पडेल असे गिऱ्हाइकास वाटते. ही समजूत घातक आहे.

गुळगुळीत पृष्ठातून प्रकाश सरळ वाटेने जातो. ओरखड्याच्या कडांवर तो इतस्ततः विखुरतो. असे असंख्य सूक्ष्म ओरखडे एकत्र आले की त्यांनाच आपण धूसरपणा म्हणतो. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ओरखडा हा खड्डा असतो. तो पुसला जात नाही. पॉलिश करणे म्हणजे भोवतालचे द्रव्य त्या खड्ड्याच्या तळापर्यंत झिजविणे होय. म्हणून कामास हात घालण्यापूर्वी विचारावयाचा प्रश्न असा की, जो थर झिजणार त्यात जतन करण्याजोगे काही आहे काय?

घड्याळाच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. जुन्या ‘जनता’ची काच अ‍ॅक्रिलिकची असते आणि तिचे काम केवळ खिडकीचे असते. धूसर भागावर पाण्याचा थेंब ठेवावा. पाणी ओरखड्यांत भरल्यामुळे प्रकाशाचे विखुरणे कमी होते. थेंबाखाली काच स्वच्छ दिसली, तर दोष पृष्ठावरचा आहे आणि तो घासून जाईल. ओली असतानाही ती धूसर राहिली, तर दोष आतला आहे. तेथे घासणे व्यर्थ होय. घासण्यासाठी प्रथम १००० क्रमांकाचा व नंतर २००० क्रमांकाचा पाणकागद ओला करून वापरावा. दुसऱ्या वेळी घासण्याची दिशा आडवी ठेवावी, म्हणजे आधीचे चरे गेले की नाही ते कळते. अखेरीस मऊ कापडावर धातूचे पॉलिश घेऊन हलक्या हाताने चोळावे. एकाच जागी जोराने घासल्यास प्लॅस्टिक तापून मऊ पडते.

१९८२ साली बाजारात आलेली कॉम्पॅक्ट डिस्क हीदेखील एका अर्थी खिडकीच आहे. सुमारे १.२ मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेटमधून लेसर किरण आत शिरतो आणि पलीकडच्या, छापील बाजूलगतच्या थरावर केंद्रित होतो. पृष्ठावर किरणाचा झोत रुंद असल्याने बारीक ओरखडा त्यास सहसा अडवीत नाही. खोल ओरखडा वरील रीतीने झिजविता येतो. मात्र कापड मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत फिरवावे, गोल फिरवू नये. माहिती सर्पिल मार्गाने लिहिलेली असते. मार्गास छेदणारा चरा थोडीच माहिती झाकतो व यंत्र ती उणीव गणिताने भरून काढते. मार्गाला समांतर चरा सलग माहिती गिळतो. छापील बाजूवरचा खोल ओरखडा मात्र थेट माहितीच्या थरापर्यंत पोहोचतो, आणि त्यास उपाय नाही. डिस्क दिव्यासमोर धरली असता टाचणीएवढी भोके उजळलेली दिसली, तर तेथील माहिती गेली असे समजावे.

ग्रामोफोन तबकडीची गोष्ट सर्वस्वी निराळी. तिचे पृष्ठ ही खिडकी नव्हे. ते पृष्ठ हाच आवाज होय. गायकाची प्रत्येक तान चरांच्या भिंतींवरील नागमोडी वळणांत कोरलेली असते. ओरखडा घालविण्यासाठी तबकडी घासली, तर ओरखड्याबरोबर तानही झिजेल.

दुसरा धोका स्पिरिटचा आहे. ७८ फेऱ्यांच्या बहुतेक तबकड्या चपडा लाख व दगडाची पूड यांच्या मिश्रणाच्या असत. हाच चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून सुतार लाकडाला पॉलिश करतो. यावरून स्पिरिटने पुसलेल्या तबकडीचे काय होईल, हे सांगावयास नको. पुढे आलेल्या व्हिनाइलच्या तबकडीवर स्पिरिटाचा असा परिणाम होत नाही. म्हणून एकीचा अनुभव दुसरीस लावू नये.

चपड्याच्या तबकडीची धूळ आधी मऊ कुंचल्याने, चरांच्या दिशेने झाडावी. मळ न निघाल्यास ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे एक-दोन थेंब टाकून, कापड ओलसर करून पुसावे, पुन्हा निव्वळ पाण्याने पुसावे आणि तबकडी सावलीत उभी ठेवून वाळवावी. मधली कागदी चिठ्ठी भिजू देऊ नये. पुष्कळदा ओरखडा वाटलेली खूण हा केवळ मळ असतो.

जो ओरखडा उरेल तो तसाच राहू द्यावा. स्वच्छ तबकडी एकदा वाजवून तिचे संगणकावर ध्वनिमुद्रण करावे. ओरखड्याची टकटक त्या प्रतीतून पुष्कळशी वगळता येते, आणि ती नीट वगळली गेली नाही तर मूळ तबकडीवरून पुन्हा प्रयत्न करता येतो. घासलेल्या तबकडीच्या बाबतीत ही सोय उरत नाही.