प्लगच्या विहिरीत तेल

कॅडेट, इयत्ता दहावी

श्रीपेरुंबुदूर हे नाव आपण सामान्यज्ञानाच्या तासाला ऐकलेले असते. हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. २१ मे १९९१ रोजी राजीव गांधी यांची हत्या झाली तेही हेच गाव. पण चेन्नई-बंगळुरू महामार्गावरून आज तिथे गेलात, तर सगळ्यात आधी दिसतात ते कारखाने. आपल्याकडे जसे चाकण, तसे तिकडे श्रीपेरुंबुदूर. जवळच्या इरुंगाट्टुकोट्टई येथील ह्युंदाईच्या कारखान्यातून १९९८ साली सँट्रो बाहेर पडू लागली. आज या भागात मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनवणारे कितीतरी कारखाने आहेत. नव्या गाड्यांच्या या गावात जुन्या गाड्या दुरुस्त करणारी लहान गॅरेजेसही आहेत. माझे बाबा तिथे नोकरीला आहेत, म्हणून सुट्टीत मला अशाच एका गॅरेजमध्ये एक काम शेजारी उभे राहून शिकता आले. ते म्हणजे टॅपेट कव्हरमधील स्पार्क प्लग ट्यूबचे सील बदलणे. मित्रांनो, नाव मोठे आहे, पण समजायला हे काम सोपे आहे.

विहीर कशासाठी?

हल्लीच्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह असतात आणि स्पार्क प्लग त्यांच्या बरोबर मध्यभागी बसवलेला असतो. ठिणगी मध्ये पडली की ज्वाला सर्व बाजूंना सारख्या अंतरात पोहोचते. अडचण एवढीच, की व्हॉल्व्हच्या वर कॅमशाफ्ट फिरत असतात आणि तिथे सतत तेल उडत असते. प्लगपर्यंत पोहोचण्याचा रस्ता या तेलाच्या खोलीतूनच जातो. म्हणून तिथे एक उभी नळी असते. तिचे खालचे टोक हेडमध्ये पक्के बसते आणि वरचे टोक टॅपेट कव्हरच्या भोकाला भिडते. वरून पाहिले तर ती खोल विहिरीसारखी दिसते. या विहिरीच्या तोंडाशी जी रबरी रिंग असते, तेच आपले सील. विहिरीबाहेरचे तेल बाहेरच ठेवणे एवढेच तिचे काम.

रबर वर्षानुवर्षे उष्णतेत राहिले की कडक होते. कडक सील नळीला घट्ट धरत नाही आणि तेल थेंबाथेंबाने विहिरीत उतरते. आणखी एक कारण असू शकते. इंजिनच्या पोटातील वायू बाहेर नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह तुंबला, तर आतला दाब वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल ढकलले जाते. म्हणून सील बदलताना हा व्हॉल्व्ह तपासलाच पाहिजे. नाहीतर नवे सीलही लवकर हार मानते.

तेलाने बिघडते काय?

प्लगला मिळणारा दाब वीस हजार व्होल्टच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असतो. स्वच्छ तेलातून वीज सहज जात नाही, हे खरे. पण विहिरीतल्या तेलात धूळ आणि काजळी मिसळते, आणि कॉइलच्या टोकाचे रबरी बूट तेल पिऊन फुगते, मऊ पडते, चिरते. मग विजेला प्लगच्या टोकाऐवजी नळीच्या धातूकडे पळण्याची वाट सापडते. ठिणगी पडत नाही, सिलिंडर काम चुकवतो आणि गाडी मिसिंग मारू लागते. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळते. तो अति तापून निकामी झाला, तर त्याची किंमत सीलच्या कितीतरी पट असते. चेक इंजिनचा दिवा उघडझाप करत असेल, तर गाडी बाजूला घ्यायची, ती याचसाठी.

आधी निदान, मग पाना

आमच्या गाडीला अकरा वर्षे झाली आहेत. ती मिसिंग मारू लागली आणि प्लगवर तेल दिसले, तेव्हा एका ठिकाणी आम्हाला सांगण्यात आले की रिंगा गेल्या, पूर्ण इंजिन खोलावे लागेल. खर्च ऐकून बाबांनी गाडी विकायचे ठरवले होते. त्याच गाडीतून आजीला कोल्हापूरहून आणायचे होते, म्हणून आई त्यांना आणखी एकाला दाखवा म्हणाली. दुसऱ्या गॅरेजमधल्या अण्णांनी चारही प्लग काढून कागदावर ओळीने मांडले आणि मला विचारले, "तंबी, तेल कुठे आहे?"

सगळे निदान या एका प्रश्नात होते. तेल प्लगच्या वरच्या भागावर, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीवर आणि षटकोनी भागावर असेल, आणि खालचे टोक कोरडे, फिकट तपकिरी असेल, तर ते विहिरीतून आलेले तेल आहे. दोष सीलचा. पण ठिणगी पडणारे टोकच तेलाने ओले, काळे असेल, तर तेल सिलिंडरच्या आतून येते आहे. तेव्हा पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह स्टेम सीलचा संशय घ्यावा. आमच्या चारही प्लगची टोके कोरडी होती. इंजिन खोलायची गरज नव्हती. नळीच्या खालच्या टोकाशीही काही इंजिनांत सील असते, त्यामुळे वरचे बदलून तेल थांबले नाही तर तिकडे पाहायचे.

कामाचा क्रम

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची ऋण तार काढावी.

२. कॉइलवर १ ते ४ क्रमांक लिहावेत आणि प्रत्येक जोडणीचा फोटो घ्यावा. जुन्या प्लॅस्टिकच्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतात, त्या ओढू नयेत, दाबून सोडवाव्यात.

३. प्लग काढण्याआधी विहिरीतले तेल सिरिंज आणि कापडाने टिपून घ्यावे. तसे न केल्यास प्लग सुटताच ते तेल सिलिंडरमध्ये उतरते. भरलेल्या विहिरीत हवा मारू नये, तेल डोळ्यांत उडते. तपासणी झाली की प्लग परत बसवून ठेवावेत, म्हणजे पुढच्या कामात आत काही पडत नाही.

४. कव्हरचे बोल्ट बाहेरून मध्याकडे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत ढिले करावेत. कव्हर चिकटले असेल तर रबरी हातोड्याने हलके ठोकावे. स्क्रूड्रायव्हर खुपसला तर ॲल्युमिनियमवर ओरखडा पडतो आणि तिथून कायमची गळती सुरू होते.

५. कव्हर उलटे करून जुने सील कोणत्या बाजूने व किती खोल बसले आहे ते पाहून ठेवावे. काही गाड्यांत हे सील कव्हरच्या पॅकिंगलाच जोडलेले असते, काहींत वेगळे ठोकून बसवलेले असते. वेगळे असल्यास ते सांभाळून उचकटावे आणि नवे सील त्याच्याच मापाची गोटी वर ठेवून सरळ, हळूहळू बसवावे. सीलच्या आतल्या कडेला स्वच्छ इंजिन ऑइल लावावे.

६. कव्हरचे पॅकिंगही नवेच घालावे. दोन्ही पृष्ठभाग पुसून कोरडे करावेत. सिलिकॉन पेस्ट फक्त मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जागी, तीही थेंबभर. जास्तीची पेस्ट आत तुटून पडली, तर ऑइल पंपाची जाळी तुंबवू शकते.

७. कव्हर सरळ खाली उतरवावे आणि एकाही सीलची कड दुमडलेली नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे. बोल्ट आता मध्यापासून बाहेरच्या दिशेने आवळावेत.

आवळण्यातले भौतिकशास्त्र

आवळताना जोर लावावासा वाटतो, पण या बोल्टना फार कमी बल लागते. बऱ्याच इंजिनांत ते सुमारे १० न्यूटन-मीटर असते, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. दहावीचे गणित लावा. पान्याची लांबी २० सेंटिमीटर असेल, तर १० भागिले ०.२ म्हणजे ५० न्यूटन, साधारण पाच किलो वजनाइतका हाताचा दाब. त्याहून जास्त दिला, तर पॅकिंग चिरडते किंवा हेडमधले आटे जातात. अण्णा टॉर्क रेंच वापरत होते आणि प्रत्येक बोल्टला एकच शब्द म्हणत होते, "पोरुमै". तमिळमध्ये याचा अर्थ धीर.

शेवटी विहिरी पुसून कोरड्या कराव्यात, फुगलेली रबरी बुटे बदलावीत, इंजिन सुरू करून गळती पाहावी आणि काही दिवसांनी कॉइल काढून पुन्हा विहिरीत डोकवावे. आम्ही आठवड्याने पाहिले, चारही कोरड्या होत्या. तेलाच्या चिंध्या आणि टिपलेले तेल अण्णा वेगळ्या डब्यात साठवतात. चेन्नईला पिण्याचे पाणी देणारा चेंबरमबाक्कम तलाव तिथून जवळच आहे, आणि गटारात ओतलेले तेल कुठेतरी पाण्याला मिळतेच.

आपल्यापैकी कुणी पुढे सैन्याच्या ईएमई कोअरमध्ये जाईल. १५ ऑक्टोबर १९४३ रोजी स्थापन झालेल्या या कोअरचे ब्रीद 'कर्म ही धर्म' असे आहे, आणि रणगाड्यापासून जीपपर्यंत सगळे चालते ठेवणे तिचे काम आहे. इतरांच्या घरी निदान एक गाडी किंवा मोटरसायकल असेल. गॅरेजमध्ये 'प्लगवर तेल आहे' असे कुणी सांगितले, तर होकार देण्याआधी तीन गोष्टी विचारा. तेल प्लगच्या वर आहे की टोकाला? पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासला का? आणि काढलेले जुने सील मला दाखवाल का? ते नखाने दाबून पाहा. नवे रबर दबते आणि परत वर येते. जुने तसेच कडक राहते.