विचारमंथनाची रीति

वर्गाची सहल अथवा संमेलन ठरविण्यास दहा जण जमले म्हणजे बहुधा काय घडतें? एक जण कांहीं सुचवितो, दुसरा तत्काळ म्हणतो, "हें कसें जमणार?" आणि लाजाळू मुलगा आपली कल्पना मनांतल्या मनांतच गिळून टाकतो. कदाचित् तीच सर्वांत उपयोगी असते!

ही हानि टाळण्याकरितां न्यूयॉर्क येथील बी. बी. डी. ओ. या जाहिरात-कंपनीचे एक संस्थापक अ‍ॅलेक्स ऑस्बर्न यांनीं १९३९ च्या सुमारास एक रीति योजिली व १९४८ सालच्या आपल्या ग्रंथांत तिचें वर्णन केलें. तीच विचारमंथनाची रीति होय. तिचे नियम चार. कल्पना मांडल्या जात असतां कोणीं दोष काढूं नये; परीक्षा मागाहून करावी. कल्पना विलक्षण वाटली तरी ती निःसंकोच बोलावी. कल्पनांची संख्या होईल तितकी वाढवावी. आणि दुसऱ्याच्या कल्पनेंत भर घालावी, किंवा दोहोंची सांगड घालावी.

ही रीति कसोटीसही लावण्यांत आली. १९५८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या येल विद्यापीठांतील प्रयोगांत विद्यार्थ्यांस एक गमतीचा प्रश्न होता : माणसाच्या प्रत्येक हातास आणखी एक अंगठा असता, तर लाभ कोणते व अडचणी कोणत्या? कित्येकांनीं चौघाचौघांच्या मंडळांत विचार केला, कित्येकांनीं एकएकट्यानें. पुढें एकट्यांपैकीं चौघांच्या कल्पना एकत्र करून, पुनरुक्ति वगळून मोजल्या, तों त्या मंडळांच्या कल्पनांहून अधिक भरल्या! याचें एक मुख्य कारण डील व स्ट्रोबे या संशोधकांनीं १९८७ मध्यें दाखविलें. मंडळांत एका वेळीं एकच जण बोलूं शकतो. इतरांस पाळीची वाट पाहावी लागते, आणि त्यामुळें त्यांची विचारमालिका खुंटते.

मग ही रीति टाकून द्यावी काय? मुळींच नाहीं. प्रथम प्रत्येकानें दहा मिनिटें मुकाट्यानें आपल्या कल्पना कागदावर लिहाव्या. नंतर त्या क्रमानें वाचून दाखवाव्या व सर्वांनीं त्यांत भर घालावी. निवड अगदीं शेवटीं करावी. अशानें धीट मुलाप्रमाणेंच अबोल मुलाचा विचारही फळ्यावर येतो.

पालकांनींही घरीं एखादा बेत ठरवितांना मुलांच्या हातीं कागद द्यावा, आणि सर्वांचें वाचून होईपर्यंत "हें जमणार नाहीं" हे शब्द ओठांवर येऊं देऊं नयेत.