अरकूची कॉफी महाग का?

प्रश्न : अरकू खोऱ्यातील आदिवासी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची कॉफी नेहमीच्या कॉफीहून इतकी महाग का असते?

उत्तर : आंध्र प्रदेशाच्या पूर्व घाटात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर, सिल्व्हर ओकच्या छायेत मिरीच्या वेलींसह वाढणाऱ्या अरेबिकाच्या एकाच फांदीवर हिरवी, पिवळसर आणि लाल फळे एकदमच दिसतात, आणि त्यांतली पक्व तेवढीच खुडावयाची तर तोच मळा पुनःपुन्हा फिरावा लागतो, हे श्रम किमतीत प्रथम येतात. एक-दोन एकरांचा धनी, ज्याच्यापाशी गर काढण्याचे यंत्र नाही आणि ज्याला पैशाची निकड आहे, तो एकटा असेल तर फळे सरसकट ओरबाडून, अंगणात वाळवून, दलाल देईल त्या भावाने त्याच्या हवाली करतो. सहकारी संस्था ताजे फळ पारखून घेते, त्याच दिवशी गर काढून, आंबवून, धुऊन, ओलावा सुमारे ११ टक्क्यांवर येईतो वाळवण्याची तजवीज करते. माझ्या मते सहकाराचे खरे सामर्थ्य भांडवलाहूनही या शिस्तीत आहे. या शिस्तीची कसोटी चवीत लागते : चवपरीक्षेत १०० पैकी ८० वा अधिक गुण मिळवणाऱ्या कॉफीलाच विशेष प्रतीची म्हणतात. अरकूच्या अरेबिकास २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. मात्र ते उगमाची हमी देते, चवीची नव्हे. यास्तव खरेदीपूर्वी भाजणीची तारीख पाहावी, अखंड दाणे घ्यावेत, आणि शेतकऱ्यास फळांचा काय भाव दिला, हे विक्रेत्यास निःसंकोच विचारावे.